सरकारचा पहिला भाव

योगेशच्या थोरल्या पोरीचं, प्राजक्ताचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. वर्ष लक्षात राहिलं ते यामुळे की नवरदेवाची बस बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या शाहपूरच्या अलीकडे केळीच्या ट्रकमागे अडकली, मुहूर्त टळला, आणि भटजींनी उभ्या उभ्या दुसरा मुहूर्त काढून दिला. तो पहिल्यापेक्षा चांगला निघाला. तेव्हा प्राजक्ताचा आजा, योगेशचा बाप, लोटू दलाल, भर मांडवात म्हणाला होता, "बघा, मुहूर्तसुद्धा घासाघीस केल्याशिवाय चांगला मिळत नाही."

लोटू बैलांचा दलाल. रावेरपासून नेपानगरपर्यंत ज्या ज्या गावी गुरांचा बाजार भरायचा, तिथे लोटूचं उपरणं दिसायचं. बैलाचे दात बघायचा, खूर बघायचा, दोन पावलं चालवायचा, आणि मग घेणाऱ्याच्या वतीने पहिला भाव बोलायचा. तो भाव ऐकून बैलाचा धनी कपाळाला हात लावायचा, शिव्या द्यायचा, बैल सोडून निघाल्याचं सोंग करायचा. मग खरं बोलणं सुरू व्हायचं. पण आता बैल राहिले किती? शेतोशेत ट्रॅक्टर आले. लोटूची नजर तशीच होती, जीभ तशीच होती, पण त्याला भाव विचारणारं कोणी उरलं नव्हतं. दिवसभर ओट्यावर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची किंमत मनातल्या मनात ठरवायची, एवढाच धंदा राहिला होता.

लग्नाचे पाहुणे गेले, उरलेल्या बुंदीला मुंग्या लागायला लागल्या, आणि एक दिवस सकाळी एक पोरगी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, पायात धूळ.

"नमस्ते दादाजी. मी तृप्ती, बुऱ्हाणपूरहून आले, तिथल्या लालबागची. सर्वे आहे. केंद्र सरकारचं काम कसं वाटतं, ते विचारायचं आहे. तुमचं नाव एकदम गुप्त राहील."

"नाव गुप्त ठेवून काय करशील, पोरी? मला या गल्लीतलं कुत्रंसुद्धा नावानं ओळखतं. बस. अगं ऐकलं का, चहा टाक."

आतून रंभाबाई, लोटूची बायको, लसणाचं ताट घेऊन बाहेर आली. चहा सुनेला सांगून ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. तमाशा फुकटचा असला की ती सोडत नसे.

समोरच्या ओट्यावर शालिग्राम बसला होता. हा लोटूचा लहानपणापासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच वैरी. सरकार कोणाचंही असो, शालिग्राम विरोधात. सर्वे म्हटल्याबरोबर तो उठून आला.

"माझ्याकडे का नाही आलीस? मी तर सरकारबद्दल संध्याकाळपर्यंत बोलू शकतो."

"काकाजी, दर पाचवं घर घ्यायचं असतं. तुमचं सहावं पडलं."

"सहावं कसं? ते कोपऱ्यातलं बंद आहे, त्याला कुलूप आहे, ते मोजायचंच नाही!"

"मोजायचं असतं, काकाजी. नियम आहे."

"बघ," शालिग्राम लोटूला म्हणाला, "यांच्या राज्यात कुलपाला किंमत आहे, माणसाला नाही. हे लिही ना पोरी."

तृप्तीने ते लिहिलं नाही. तिने प्रश्न सुरू केले. वाक्य वाचून दाखवायची आणि विचारायची, पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, पूर्ण असहमत.

"काहीसे सहमत म्हणजे काय?" लोटूने विचारलं.

रंभाबाई लसूण सोलता सोलता म्हणाली, "सून विचारते ना, भाजी कशी झाली, आणि तुम्ही म्हणता, बरी आहे. ते."

"मग काहीसे सहमतच लिही सगळीकडे. या घरात तेच चालतं."

परदेशात देशाची इज्जत वाढली का, असाही एक प्रश्न होता. लोटू म्हणाला, "इथली केळी इराणला जातात म्हणे. ती परत आली की विचारून सांगतो." तृप्ती हसली. पोरगी हसरी होती, पण सारखी घड्याळाकडे बघत होती. तिला संध्याकाळच्या आत पुष्कळ घरं करायची होती.

शेवटी तिने विचारलं, "दादाजी, केंद्र सरकारच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?"

लोटू सरळ होऊन बसला. एवढ्या वर्षांनी कोणी त्याला किंमत विचारली होती. आणि तीही बैलाची नाही, सरकारची.

त्याने डोळे बारीक केले. सरकारचे दात बघितले, खूर बघितले, मनातल्या मनात चालवून बघितलं. शेतापर्यंत डांबरी रस्ता आला, ते चांगलं. त्या रस्त्याने खताची गोणी घरी येते तेव्हा तिचं वजन पूर्वीएवढं नसतं, ते वाईट. चुलीचा धूर गेला, ते चांगलं. सिलिंडर संपला की रंभाबाई पुन्हा चूल पेटवते, ते वाईट. पायाने मजबूत, पण मान जरा ताठ. जुवाखाली मान घालायला वेळ लावतो. एकंदरीत घ्यायला हरकत नाही असं जनावर. सगळं धरून सहा. ना जास्त, ना कमी. सहा ही चोख किंमत.

मनाशी असं ठरवून झाल्यावर दलाल जसा बोलतो, तसा लोटू बोलला. नाक मुरडून, मान दुसरीकडे वळवून म्हणाला, "दोन."

आणि वाट बघू लागला.

आता ही पोरगी म्हणणार, दोन? दादाजी, काय बोलता! रस्ता बघा, गॅस बघा, नऊ तरी द्या. मग आपण म्हणायचं, नऊ? खत आणायला तू जातेस का? अडीच. ती आठवर येणार, आपण साडेतीन म्हणायचं. ती रुसून उठणार, आपण चहाला थांबवायचं. असं करत करत दोघं सहावर भेटायचं, आणि दोघांनाही वाटायचं की आपणच जिंकलो.

तृप्तीने काचेवर बोट दाबलं. "दोन. थँक्यू दादाजी. झालं."

"झालं?"

"हो."

"म्हणजे, घेतलं?"

"घेतलं ना. चहा छान होता, साखर थोडी कमी होती." आणि ती उठून चालायला लागली.

लोटू बसल्या जागी गार. आयुष्यात त्याचा पहिला भाव कोणी घेतला नव्हता. पहिला भाव घ्यायचाच नसतो. तो खोटाही नसतो, कारण त्याला खरा कोणी मानत नाही. कोणी खरा मानला, तरच तो खोटा होतो. आणि आता तो खोटा भाव लोटू महाजन या नावाने दिल्लीला निघाला होता.

"अहो," रंभाबाई म्हणाली, "तोंड मिटा. माशी जाईल."

शालिग्राम मात्र उभा राहून टाळ्या पिटत होता. "वा रे लोट्या! दोन! आतून तू आपलाच निघालास!"

लोटू एक चप्पल स्वतःची आणि एक योगेशची घालून गल्लीत धावला. तृप्ती कोपऱ्यावरच्या निंबाखाली बाटलीतलं पाणी पीत होती.

"पोरी, तो आकडा परत दे."

"कौनसा आकडा?"

"दोन. तो माझा नाही."

"तुमचाच आहे, दादाजी. तुम्हीच बोललात ना आता."

"अगं, बोललो तो पहिला भाव होता! तू वाढवायचा होतास!"

तृप्तीने दोन वेळा डोळ्यांची उघडझाप केली. "मी कशाला वाढवू? मी सरकारची थोडीच आहे?"

"मग तू कोणाकडून आहेस?"

"कोणाकडूनच नाही. मी फक्त विचारते आणि लिहिते."

हे लोटूच्या डोक्यात शिरेना. सौद्यात उभं राहायचं आणि कोणाकडूनच नाही म्हणायचं, असा माणूस त्याने कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता. तो म्हणाला, "बरं, चुकलं माझं. खोडून टाक. माझा खरा आकडा..."

"नका सांगू!" तृप्तीने दोन्ही हात वर केले. "दादाजी, फॉर्म वर गेला. आता तो बदलत नाही. आणि ऐका, दोन-चार दिवसांत तुम्हाला फोन येईल, तपासणीचा. मी खरंच आले होते का, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. तेव्हा दोनच सांगा. दुसरं काही बोललात ना, तर ते म्हणतील, ही पोरगी झाडाखाली बसून स्वतःच फॉर्म भरते. माझ्याबरोबर एक मुलगी होती, तिचं असंच झालं. एका आजीने फोनवर भलतंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं तिला."

"काढलं तर काढलं. दुसरं काम मिळेल."

"दुसरं काम?" तृप्ती म्हणाली. "पप्पा म्हणतात, काम आहे तोपर्यंत थांबतो. काम गेलं की येत्या रविवारी पाहुणे. मुलगा खंडव्याचा आहे, टाइल्सचं दुकान आहे, आणि तो स्वतःच्याच जोकवर हसतो. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं आहे."

लोटूला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. "म्हणजे मी माझ्या तोंडाने खोटं सांगू?"

"खोटं कुठे? तुम्ही दोन बोललात हे तर खरंच आहे!"

एवढं बोलून ती पुढच्या गल्लीत शिरली. लोटू दोन वेगळ्या चपलांवर उभा राहिला. पोरगी बोलली ते खरं होतं, आणि तरीही कुठेतरी लबाडी झाली होती, आणि ती लबाडी नेमकी कोणी केली हे त्याला सापडत नव्हतं.

दुपारपर्यंत शालिग्रामने शाहपूरच्या अर्ध्या बाजाराला सांगून टाकलं. संध्याकाळी योगेश घरी आला तो लालबुंद होऊन. योगेश सरकारवाल्या पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता. चौकात बॅनर लागला की त्यात कोपऱ्यात, सगळ्यात खाली, त्याचाही फोटो असायचा.

"बाबा, तुम्ही दोन दिले?"

"तो पहिला भाव होता."

"लोक विचारतात, योगेशभाऊ, तुमच्या घरातच दोन, तर बाहेर काय? मी काय सांगू?"

"सांग, घासाघीस चालू आहे."

"मजाक नका करू. फोन येणार आहे ना? शालिग्रामकाका सांगत होते. फोनवर दहा सांगा."

"दहा? दहा तर मी माझ्या लग्नालाही दिले नाहीत."

"ऐकते आहे मी," आतून रंभाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून लोटूचा फोन म्हणजे गावाची पंचायत झाली. फोन वाजला की शालिग्राम समोरच्या ओट्यावरून उडी टाकायचा. योगेश आपलं दुकान सोडून जेवायला लवकर यायला लागला. दोघंही लोटूला चहा पाजायचे, एक म्हणायचा दोनवर ठाम राहा, दुसरा म्हणायचा दहावर या. आणि लोटू दोघांचा चहा प्यायचा आणि मनात म्हणायचा, सहा. फोन येऊ दे. काय ते एकदाच खरं सांगतो, सहा. मग त्याला ती पोरगी आठवायची, आणि खंडव्याचा तो टाइल्सवाला स्वतःच्या जोकवर हसताना दिसायचा, आणि चहा कडू लागायचा.

रंभाबाईला त्याने विचारलं, "काय करू?"

"मला काय विचारता? मला कुठे कोणी आकडा विचारला?"

"तुझा किती?"

"कोणाचा? सरकारचा की तुमचा?"

लोटूने विषय सोडला.

फोन आला तो दुपारी. लोटूला कमी ऐकू यायचं म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावायचा, त्यामुळे लपवायची सोयच नव्हती. शालिग्राम आला. योगेश हातातला घास तसाच धरून बाहेर आला. रंभाबाई चौकटीला टेकून बसली.

"लोटू महाजनजी बोल रहे हैं?" पलीकडून एका माणसाचा आवाज आला. "सर्वे के बारे में एक-दो बातें पूछनी थीं. हमारी तरफ से कोई लड़की आई थी?"

"आली होती."

"घर आकर बात की, या फोन पर?"

"ओट्यावर. चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाली. तपासायचं तर ते तपासा, माझी सून तेव्हापासून फुगली आहे."

"जी. सरकार के काम को दस में से आपने कितने नंबर दिए थे?"

 योगेशने घास तोंडात कोंबून दोन्ही हातांची दहा बोटं लोटूच्या डोळ्यांपुढे धरली, एका हाताची वरणात माखलेली. शालिग्रामने दोन बोटं वर केली, फोटो काढताना पोरं करतात तशी. आणि लोटूच्या जिभेच्या टोकावर सहा बसलेला.

त्याने आधी सुटायला वाट आहे का ते बघितलं. "दिले होते ते विचारता, की देतो ते?"

"जो उस दिन दिए थे."

"आणि आजचा भाव?"

"आज का नहीं चाहिए, बाबूजी."

"फुकट आहे. चोख आहे."

"नहीं चाहिए. बस उस दिन का बताइए."

लोटूने फोन कानापासून जरा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा बाजार, दिल्लीपर्यंत पसरलेला, आणि त्यात खऱ्या मालाला गिऱ्हाईक नाही. सहा म्हटलं तर लोटूचा शब्द खरा होतो, आणि पोरगी खोटी ठरते. दोन म्हटलं तर पोरगी खरी राहते. पण मग लोटू दलालाने शाहपुरात, पोराच्या आणि शालिग्रामच्या देखत, सरकारची किंमत चुकीची सांगितली, हे कायमचं झालं. असा उलटासुलटा सौदा त्याने कधी केला नव्हता.

"बाबूजी? सुन रहे हैं?"

"दोन," लोटू म्हणाला. "दोनच दिले होते. पोरीने घासाघीससुद्धा केली नाही."

"क्या नहीं की?"

"काही नाही. पोरगी खरी आहे म्हणतो. काम सच्चा करती है. लिहून घ्या."

"जी, मैच हो गया. धन्यवाद." फोन बंद झाला.

शालिग्रामने आरोळीच ठोकली. तो नाचत चौकापर्यंत गेला आणि तिथून पेढे घेऊन आला. "पेढा घे लोट्या. आजपासून तू आमचा." योगेश आत गेला, हात धुतला आणि जेवण अर्धवट टाकून पाट उलटा करून ठेवला. पुढे कितीतरी दिवस तो बापाशी सरळ बोलत नव्हता. जेवताना आईला म्हणायचा, "यांना विचार, मीठ पाहिजे का." रंभाबाई विचारायची, "विरोधी पक्षाला अजून एक भाकर वाढू का?" लोटू म्हणायचा, "वाढ. सत्तेत बसणाऱ्यांचं उरलं असेल तर."

चौकातल्या टपरीवर लोक त्याला दोनवाला लोटू म्हणू लागले. तो ते ऐकून घ्यायचा. पण घरी येताना त्याचा चेहरा असा असायचा, जसा चांगला बैल म्हातारा म्हणून विकला गेल्यावर धन्याचा होतो.

हिवाळा गेला, निवडणूक लागली, भोंगे फिरले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्राजक्ता माहेरी आली होती, झोका बांधला होता, आणि त्याच गडबडीत एक दिवस तृप्ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. या वेळी सर्वे टूथपेस्टचा होता. गल्लीत पोरंसोरं झोक्यावर, शालिग्राम आंबे आणायला बाजारात, योगेश प्रचारात.

"दादाजी, दात घासायला काय वापरता, हे विचारायचं आहे," ती म्हणाली, आणि मग हळूच, "त्या वेळी थँक्यू म्हणायचं राहिलं. माझे सगळे फॉर्म पास झाले. आता मी स्वतःच फोनवर तपासणी करते. या भागात माणूस कमी पडला म्हणून आज आले."

"आणि टाइल्सवाला?"

"त्याचं लग्न झालं. दुसऱ्या कोणाशी. ती हसते म्हणे त्याच्या जोकवर."

"देव तिचं भलं करो," रंभाबाई म्हणाली.

तृप्ती जरा घुटमळली. मग तिने विचारलं, "दादाजी, तुम्ही त्या दिवशी निंबाखाली सांगत होता ना, मी सांगू दिलं नाही. खरा आकडा किती होता?"

लोटूने इकडे तिकडे पाहिलं. नाक मुरडलं. मान दुसरीकडे वळवली. या वेळी तो विकणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. म्हणाला, "नऊ."

तृप्ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टॅबलेट बंद करून पिशवीत टाकला, चपला काढल्या, आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

"नऊ?" ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने, दादाजी? माझा भाऊ भरतीची तयारी करून करून म्हातारा झाला. तीन."

लोटूच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा माणूस शिरला. "तीन? डोळे तपासून घे! हा रस्ता काय तुझ्या बापाने बांधला? साडेआठ!"

"रस्ता बांधला तर त्यावरचा टोल कोण देतं? चार."

"आठ. गॅस बघ."

"गॅस बघितला. आजींच्या पदराला आजही चुलीचा वास येतो. साडेचार, आणि हे मी तुमच्या वयाकडे बघून म्हणते."

"उठ, उठ! जा तू. असल्या भावात सरकार मिळत नाही. दुसरीकडे बघ. साडेसात."

तृप्ती खरंच उठली. एक चप्पल घातली. रंभाबाई म्हणाली, "अगं बस, चहा टाकलाय, साखर जास्त घातली आहे." ती पुन्हा बसली.

"पाच," तृप्ती म्हणाली. "केवळ चहासाठी."

"सात. केवळ तुझ्या चपलेसाठी."

 झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. तृप्तीने गुडघ्यावर हनुवटी टेकवली, जरा विचार केला, आणि या वेळी मस्करी न करता म्हणाली, "सहा. खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेवढेच आहेत."

लोटूने ओट्यावर अशी थाप मारली की लसणाचं ताट उडालं. "दिले!"

"अहो," रंभाबाई पाकळ्या गोळा करत म्हणाली, "एवढंच होतं तर तेव्हाच सरळ सहा म्हणाला असतात."

"तेव्हा घेणारं कोण होतं?" लोटू म्हणाला.

हा सौदा कुठे लिहिला गेला नाही. लोटूने तो योगेशला सांगितला नाही आणि शालिग्रामलाही नाही. त्यामुळे पुढे लोटू गेला तेव्हा बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर मोठी पंचाईत झाली. शालिग्राम त्याच्या पक्षाची माणसं घेऊन आला, आमचा माणूस गेला म्हणत. योगेशच्या पक्षाची माणसं आधीच आली होती, आमच्या कार्यकर्त्याचे वडील म्हणत. पहिला हार कोणाचा, यावर तापीच्या काठावर बराच वेळ बोलणं चाललं. हे म्हणत आमचा, ते म्हणत आमचा, आणि शेवटी दोन्ही हार एकदम घालायचे असं ठरलं. रंभाबाईला हे घरी कळलं तेव्हा ती रडता रडता हसली आणि म्हणाली, मधोमध आले म्हणजे.

लोटू शंकर महाजन, बैलांचा दलाल, राहणार शाहपूर, दोन हजार चोवीस साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.